पुस्तक आणि कुदळ



आपल्या शाळेच्या मागील अंगास, कुंपणापलीकडे, जो माळ आहे त्यावर एके काळीं आपल्याच शाळेनें दोनशें रोपें लाविलीं होतीं, हें तुमच्यापैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल. ठाऊक नसण्याचें कारण उघड आहे: त्यांपैकीं एकही आज तेथें उभें नाहीं. तें काम माझ्या देखरेखीखालीं झालें होतें. तेव्हां त्याची हकीकत सांगण्याचें कर्तव्यही माझेंच आहे.

त्या वर्षीं पहिला पाऊस वेळेवर आला. रोपवाटिकेंतून गाडी भरून रोपें आणिलीं. गुलमोहर, सुबाभूळ, निलगिरी, थोडे कडुनिंब. जें मिळालें तें घेतलें. पाहुणे आले, भाषण झालें, मुलांनीं एका सकाळींच सर्व खड्डे भरले, छायाचित्र निघालें, आणि तें याच वार्षिकांत छापलेंही गेलें. मी विज्ञानाचा पदवीधर. मातीचे थर, मुळांचीं कार्यें, पानांतून होणारें पाण्याचें उत्सर्जन हे विषय मी वर्षानुवर्षें वर्गांत शिकवीत आलों आहें. परंतु त्या सकाळीं मुलांची कुदळ खालीं कशावर आदळत आहे, इकडे माझें लक्ष गेलें नाहीं. कुदळ मुरुमावर आदळत होती.

मेंढ्या घेऊन एक वृद्ध धनगर बाबा त्या वाटेनें चालले होते. ते काठीवर हनुवटी टेकून थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “मास्तर, ह्या माळाला कवा झाड व्हतं का? हातभर खाली समदा मुरूम हाय. हितं गवात चांगलं येतं. झाडं लावायची तर खाली वढ्याच्या कडंला लावा की.” मीं त्यांस नमस्कार केला, हंसलों, आणि पुढच्या खड्ड्याकडे वळलों. बाबा अडाणी होते असें मला त्या वेळीं वाटलें, हें आज लिहितांना लाज वाटते.

नाताळच्या सुटीनंतर शाळा उघडली तेव्हां निम्मीं रोपें वाळलीं होतीं. मार्च संपेपर्यंत उरलेल्यांची तीच गत झाली. पुढील जून महिन्यांत त्याच खड्ड्यांत पुन्हां रोपें लावावीं असा विचार निघाला असतां नववीच्या वर्गांतील एका मुलीनें विचारलें, “सर, दोनशें लावलीं हें मासिकांत छापलें आहे. मेलीं किती तें कोणीं मोजलें?”

कोणींच मोजलें नव्हतें. त्या प्रश्नानें मला जें वाचावयास व शोधावयास लाविलें, त्यांतील कांहीं भाग येथें देत आहें.

बिघडलेल्या किंवा उद्ध्वस्त झालेल्या निसर्गव्यवस्थेस, मग ती जंगल असो, कुरण असो वा खाडी असो, पुन्हां आपल्या पायांवर उभें राहण्यास साह्य करणें, या विद्येस परिसर-पुनरुज्जीवन असें म्हणतां येईल. ‘साह्य करणें’ हे शब्द येथें मुद्दाम योजिले आहेत. मोडलेलें हाड वैद्य जोडीत नाहीं; तो तें सरळ बसवितो, फळी बांधतो, आणि जोडण्याचें काम हाड स्वतःच करितें. जंगलाचेंही तसेंच आहे. या विद्येस वाहिलेली आंतरराष्ट्रीय संस्था १९८८ सालीं निघाली. तिचीं स्वतंत्र नियतकालिकें आहेत, परिषदा भरतात, शेंकडों निबंध दरवर्षीं प्रसिद्ध होतात. संयुक्त राष्ट्रांनीं तर २०२१ ते २०३० हें सबंध दशकच या कार्यासाठीं ठरविलें आहे. म्हणजे ज्ञानाचा दुष्काळ आहे असें नाहीं. तरीही जगांत ठिकठिकाणीं माझ्या त्या माळावरच्यासारखींच कामें होत राहतात. ज्यांना ठाऊक आहे ते लावीत नाहींत. जे लावितात त्यांना तें ठाऊक नसतें. आणि लावणाऱ्यांस जें ठाऊक असतें तें कोणी लिहून ठेवीत नाहीं. या दरीचें एक उदाहरण समुद्रकांठचें आहे.

ज्यांचें आजोळ कोंकणांत आहे त्यांनीं खाडीच्या कडेचीं तिवरें व कांदळें पाहिलीं असतीलच. कांदळाचें बी झाडावर असतांनाच रुजतें. हिरव्या शेंगेसारखी एक लांब काठी खालीं लोंबूं लागते, आणि गळून पडली म्हणजे चिखलांत रुतते किंवा भरतीबरोबर वाहत जाते. ही काठी गोळा करावयास सोपी व हातानें चिखलांत खोंचावयास त्याहून सोपी. हा सोपेपणाच पुढें घातक ठरला.

२६ डिसेंबर २००४ रोजीं हिंदी महासागरांत प्रचंड भूकंप होऊन त्सुनामीच्या लाटा उसळल्या. एकट्या श्रीलंकेंत तीस हजारांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. किनाऱ्यावर खारफुटीचें दाट रान असेल तर लाटेचा जोर कांहीं अंशीं मोडतो, ही गोष्ट सर्वतोमुखीं झाली; देशोदेशींहून पैसा आला; आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणीं रोपें लावण्याचें काम मोठ्या उत्साहानें सुरू झालें. या उत्साहामागें शोक होता, म्हणून त्याची थट्टा करणें योग्य नव्हे. परंतु कांहीं वर्षांनंतर तेथील शास्त्रज्ञांनीं अशा २३ ठिकाणीं प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली व २०१७ सालीं ती प्रसिद्ध केली. तीवरून असें दिसलें कीं, सुमारें १,००० ते १,२०० हेक्टरांवर लागवड झाली होती, पण यशस्वी म्हणतां येईल असें रान अवघ्या २०० ते २२० हेक्टरांवर उभें होतें. २३ पैकीं ९ ठिकाणीं एकही रोप जिवंत नव्हतें.

असें कां झालें? खारफुटी खाऱ्या पाण्यांत वाढते हें खरें. पण ती रात्रंदिवस पाण्यांत बुडून राहूं शकत नाहीं. प्रत्येक जातीची आपली पायरी ठरलेली असते: किती उंचीवर उभें राहावयाचें, भरतीचें पाणी किती वेळ अंगावर घ्यावयाचें. लागवड करणाऱ्यांनीं ओहोटीच्या वेळीं उघडा दिसणारा चिखल पाहिला आणि तेथेंच काठ्या खोंचल्या. ती जागा रिकामी होती खरी. परंतु रिकामी कां होती हें कोणीं विचारलें नाहीं. ज्या चिखलावर निसर्गानें आजवर एक झाड उगवूं दिलें नाहीं, तेथें माणसानें लाविलेलें तरी कसें जगावें?

हें ज्ञान त्या वेळीं नव्हतें काय? होतें. अमेरिकेंतील फ्लोरिडा राज्यांत रॉबिन लुईस नांवाच्या शास्त्रज्ञानें १९८० नंतरच्या दशकांतच दाखवून दिलें होतें कीं, शेजारच्या जिवंत खारफुटीची जमीन समुद्रसपाटीपासून जितकी उंच आहे तितक्याच उंचीवर उजाड जमीन कापून आणावी, भराव टाकून बुजविलेले ओहोळ मोकळे करावे, म्हणजे भरतीबरोबर बिया आपण होऊन येतात व बहुधा रोपें लावण्याची गरजच उरत नाहीं. काम फावड्याचें व मोजपट्टीचें, रोपवाटिकेचें नव्हे. फिलिपाइन्समधील प्रिमावेरा या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यानें २००८ सालीं आपल्या देशांतील अशाच कामांचा आढावा घेतला. उघड्या किनाऱ्यावर निसर्गतः तिवर व चिप्पी यांचें राज्य असतां तेथेंही सर्वत्र कांदळच लाविला गेला होता. कारण काय? कांदळाची काठी सहज मिळते. तिवरासाठीं मात्र रोपवाटिका लागते, निगा लागते, वेळ लागतो.

पालकांपैकीं कोणी म्हणतील कीं, निबंध प्रसिद्ध झाले होते तर लोकांनीं ते वाचावयास हवे होते. मीही पूर्वीं असेंच म्हटलें असतें. परंतु तो निबंध कोणत्या भाषेंत असतो, तो विकत घेण्यास किती पैसे पडतात आणि तो कोणासाठीं लिहिलेला असतो, याचा विचार करा. शास्त्रज्ञ लिहितो तो दुसऱ्या शास्त्रज्ञासाठीं. त्याला हवें असतें सर्वत्र लागू पडणारें तत्त्व. आणि वनरक्षकाला हवें असतें याच उतारावर, याच पावसाळ्यांत, हातीं असलेल्या पैशांत काय लावूं याचें उत्तर. शास्त्रज्ञाची बढती नव्या शोधावर अवलंबून असते, जुना शोध कोणाच्या कामीं आला यावर नाहीं. लावणाऱ्यास विचारतात कीं, मार्चअखेर पैसा खर्च झाला काय व रोपें किती लाविलीं. जगलीं किती, असें तिसऱ्या वर्षीं येऊन विचारणाऱ्यास कोणी पगार देत नाहीं. शिवाय फसलेल्या कामाचा वृत्तांत कोण छापणार? आपण तरी कोठें छापिला? अशा रीतीनें एकाच किनाऱ्यावर एकच चूक, दर वेळीं नव्या माणसांच्या हातून, पुन्हां पुन्हां घडते.

आतां एक जुना प्रयोग पाहूं. त्याचा आपल्या माळाशींही संबंध पोंचतो. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यांत मॅडिसन शहराच्या सीमेवर तेथील विद्यापीठानें १९३४ सालीं एक वृक्षोद्यान स्थापिलें. त्या जागेंत पूर्वीं शेती व घोड्यांचें कुरण होतें. त्याच्याही पूर्वीं तेथें उंच गवताचें अफाट रान होतें, तें नांगराखालीं नाहींसें झालें होतें. झाडें तर सर्वच लावितात. आपण नाहींसें झालेलें गवत परत आणूं या, असा विलक्षण बेत तेथील कांहीं प्राध्यापकांनीं केला. तो मंदीचा काळ होता. १९३५ सालापासून बेकार तरुणांची सरकारी छावणी तेथें होती; त्या तरुणांनीं दूरच्या उरल्यासुरल्या गवती रानांतून मुळांसकट ढेंपळें उचलून आणिलीं, बिया पेरल्या, वाळलेलें गवत पसरलें. रोपें रुजलीं, पण युरोपांतून आलेलें एक कुरणी गवत कांहीं केल्या हटेना. तेव्हां जॉन कर्टिस या वनस्पतिशास्त्रज्ञानें आपल्या विद्यार्थ्यासह लहान लहान तुकड्यांवर आग लावून पाहिली. जाळलेल्या तुकड्यांत परकें गवत मागें हटलें व मूळचें गवत जोमानें वर आलें. हे प्रयोग १९४८ सालीं प्रसिद्ध झाले, आणि ठरावीक काळानें त्या रानास विचारपूर्वक आग देण्याची पद्धत तेव्हांपासून तेथें चालत आली आहे. आज तें रान कर्टिस यांच्याच नांवानें ओळखलें जातें.

मौज अशी कीं, त्या गवती रानांस आग देण्याची रीत तेथील मूळच्या रहिवाशांस शेंकडों वर्षांपासून ठाऊक होती. विद्यापीठानें जें सिद्ध केलें तें त्यांच्या अंगवळणीं पडलेलें होतें. पण त्यांना त्या भूमीवरून हांकलून दिलें, तेव्हां त्यांचें ज्ञानही हांकललें गेलें. (यावरून आपल्या डोंगरांस वणवा लावावा असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. येथें लागणारे वणवे कोण लावितो व कशासाठीं, हें आपण जाणतोंच; त्यांत मोजमाप नसतें व पहाराही नसतो.) माझ्या दृष्टीनें महत्त्वाचें तें हें कीं, गवत म्हणजे पडीक जमीन नव्हे. आपल्या दख्खनच्या पठारावरील कित्येक माळ हे उजाड झालेलें जंगल नसून मुळांतच गवताचे आहेत; चिंकारा, लांडगा, माळढोक हे त्या गवताचेच रहिवासी. त्यांवर निलगिरी लावणें म्हणजे निरोगी माणसास पकडून त्याच्या पायाला फळी बांधण्यासारखें आहे. बाबांचें “हितं गवात चांगलं येतं” हें वाक्य मला विस्कॉन्सिनमार्गें फिरून आल्यावर कळलें.

पण हीं उदाहरणें बहुतेक दरीचींच झालीं. दरीवर पूल बांधला गेला असें मला सर्वांत समाधानकारक रीतीनें आढळलें तें उत्तर थायलंडांत.

तेथें चिआंग माय नांवाचें शहर आहे व त्याच्या डोक्यावर दोय सुतेप हा डोंगर. त्या डोंगराच्या मागील अंगास, सुमारें बाराशें मीटरांहून अधिक उंचीवर, बान मे सा माय नांवाचें हमोंग जमातीचें गांव आहे. आसपासचें जंगल तुटलें होतें. उतारांवर कोबी पिके, लिचीच्या बागा होत्या, आणि सोडून दिलेल्या शेतांत पुरुषभर उंचीचें गवत व तण माजलें होतें. १९८१ सालीं हा सर्व प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला, आणि गांवकऱ्यांपुढें मोठा पेंच पडला. जंगल तोडणारे लोक म्हणून आपणांस येथून उठवितील काय, ही भीति एका बाजूस. झऱ्याचें पाणी कमी होत चाललें ही काळजी दुसऱ्या बाजूस. आपण जंगल राखूं शकतों, एवढेंच नव्हे तर परत आणूं शकतों, हें दाखविण्यावांचून त्यांना गत्यंतर नव्हतें.

त्याच सुमारास, १९९४ सालीं, चिआंग माय विद्यापीठांत जंगलाच्या पुनरुज्जीवनाचा अभ्यास करणारें एक पथक निघालें. स्टीफन इलियट हे त्याच्या संस्थापकांपैकीं एक. त्यांच्याजवळ एक पद्धत होती. ती ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंडच्या पावसाळी जंगलांत तयार झालेली. तिला आपण सांगाड्याची पद्धत म्हणूं. घर बांधतांना आपण खांब, आढें व वासे उभे करावे, आणि शाकारणीचें काम दुसऱ्यांवर सोंपवावें, तशी ही युक्ति आहे. जंगलांत झाडांच्या शेंकडों जाती असतात. त्या सर्व लावणें कोणाच्यानेंही शक्य नाहीं. म्हणून त्यांतील वीस-तीस जाती अशा निवडावयाच्या कीं, ज्या उघड्यावर तग धरतील, भराभर वाढतील, दाट सावली धरून तणास मारतील, आणि लहानपणींच फुलून फळून पक्ष्यांस बोलावतील. मग पक्षी येतात, दूरच्या जंगलांतील बिया विष्ठेबरोबर टाकतात, आणि उरलेल्या जाती अशा रीतीनें आपण होऊन येतात.

ऐकावयास हें सोपें वाटतें. पण वीस-तीस जाती कोणत्या? क्वीन्सलंडची यादी थायलंडांत चालणार नव्हती. येथें शास्त्राचें खरें काम सुरू झालें, आणि तें अत्यंत चिकाटीचें होतें. पथकांतील मंडळी ठरलेल्या पाऊलवाटेनें ठरावीक आठवड्यांच्या अंतरानें जंगलांत फिरत आणि कोणत्या झाडास फूल आलें, कोणत्याचें फळ पिकलें याची नोंद करीत. शेंकडों जातींच्या बिया आणून त्यांनीं पेरल्या. कोणती आठवड्यांत उगवते, कोणती महिनोन् महिने झोंपून राहते, कोणतीचें कवच घांसावें लागतें, हें एकेक करून टिपलें. कारण लागवडीचा मुहूर्त एकच, पावसाळ्याच्या आरंभीं, जून महिन्यांत; आणि फळें मात्र वर्षाच्या बाराही महिन्यांत वेगवेगळीं पिकतात. तेव्हां सर्व रोपें जून महिन्यांतच वीतभर-हातभर उंचीचीं तयार असावीं, यासाठीं प्रत्येक जातीचें वेगळें वेळापत्रक करावें लागलें. आपल्या परीक्षांच्या वेळापत्रकाहून तें कितीतरी अवघड असलें पाहिजे! निवडलेल्या जातींत कांहीं आपल्याही ओळखीच्या घराण्यांतील आहेत: पांगाऱ्याचा एक भाऊबंद, बकाणनिंबाचा एक, वड-उंबराच्या कुळांतील पुष्कळ, आणि हिमालयांत ज्याला पद्मक म्हणतात ती रानटी चेरी.

१९९७ सालच्या सुमारास गांवाच्या वरच्या अंगास पहिले तुकडे लाविले गेले, आणि पुढें दरवर्षीं नवे लावीत गेले. पण पूल बांधला गेला तो पुढील गोष्टीमुळें. विद्यापीठाची रोपवाटिका उद्यानाच्या कचेरीजवळ होती. तिच्यांत पाणी, जाळी, शिकलेलीं माणसें, सर्व कांहीं होतें. तेथें जें साधतें तें खेड्यांत साधेल काय, हा प्रश्न पथकानें स्वतःच स्वतःस विचारला, आणि दुसरी रोपवाटिका प्रत्यक्ष गांवांत, गांवकऱ्यांच्या हातीं दिली. तीच बी, तेच वेळापत्रक. पण हात वेगळे. खेड्यांत जी रीत जमेना ती बदलावी लागली, मग ती पुस्तकांत कितीही शोभून दिसो. कोणता उतार कोणत्या महिन्यांत पेटतो, हें गांवकऱ्यांस ठाऊक होतें. जानेवारीच्या मध्यास तुकड्यांभोंवतीं गवत कापून आगपट्टे काढावयाचे आणि एप्रिलपर्यंत पाळीपाळीनें पहारा करावयाचा, हें काम त्यांनींच उचललें. या पहाऱ्यावांचून सर्व शास्त्र एका दुपारींच राख झालें असतें.

लागवड दाट असे: सुमारें सहा फुटांवर एक रोप, म्हणजे हेक्टरीं तीन हजारांहून अधिक. पहिले दोन पावसाळे, प्रत्येक पावसाळ्यांत तीनदां, रोपांभोंवतींचें तण काढून खत घालीत. आणि आतां आमच्या नववीच्या मुलीचा प्रश्न! प्रयोगाच्या तुकड्यांतील प्रत्येक रोपास क्रमांकाची पट्टी बांधलेली असे. लागवडीनंतर दोन आठवड्यांनीं एकदां, आणि मग पावसाळा संपतांना, रोप जिवंत आहे काय, किती उंच झालें, सावली किती धरली, हें मोजीत. जी जात तीन-चार वर्षें नापास होई तिचें नांव यादींतून कमी करीत. म्हणजे दरवर्षींची लागवड हीच पुढील वर्षाची पाठ्यपुस्तक झाली. मजूर व पंडित एकाच वाफ्यांत गुडघे टेकून बसले असतां कोण कोणास शिकवीत आहे, हें सांगणें कठीणच.

फळ काय मिळालें? दोन-तीन वर्षांत फांद्या फांद्यांस भिडून तणाचें राज्य संपूं लागलें. लागवडीपूर्वीं तेथें पक्ष्यांच्या सुमारें ३० जाती दिसत. सहा वर्षांनंतर ८८ जातींची नोंद झाली. आठ-नऊ वर्षांत, माणसानें न लाविलेल्या अशा ७३ जातींचीं झाडें तेथें आपण होऊन उगवलेलीं आढळलीं. यांतील मोठा वाटा कोणा दुर्मिळ पक्ष्याचा नसून आपल्या अंगणांत दिसतात त्या बुलबुलांच्या भाईबंदांचा आहे, हें वाचून मला विशेष आनंद झाला. उणीव नाहींच असें नाहीं. मोठ्या बियांचीं झाडें तेथें फारशीं परतलीं नाहींत. कारण तीं बीजें गिळून दूर नेणारे हत्ती, गेंडे व मोठे धनेश त्या डोंगरांतून केव्हांच नाहींसे झाले आहेत. त्यांचें काम माणसानेंच हातानें करावें लागणार. हीही गोष्ट मोजल्यामुळेंच कळली.

अशीं उदाहरणें आपल्या देशांतही आहेत. सह्याद्रीच्याच रांगेंत, पण पार दक्षिणेस, तमिळनाडूंतील अनामलाई डोंगरांत चहा-कॉफीच्या मळ्यांमधून पावसाळी जंगलाचे लहान लहान तुकडे उरले आहेत. तेथें कांहीं निसर्गशास्त्रज्ञ या शतकाच्या आरंभापासून मळेवाल्यांशीं बोलणें लावून, घाणेरीचें रान उपटून, शंभराहून अधिक स्थानिक जातींचीं रोपें वाढवून लावीत आहेत. आणि जे तुकडे मुद्दाम तसेच सोडले होते त्यांच्याशीं ताडून पाहतां, लाविलेले तुकडे सात ते पंधरा वर्षांत स्पष्टपणें पुढें गेलेले त्यांस आढळले. न लाविलेला तुकडा शेजारीं राखून ठेवणें ही गोष्ट लहान वाटते. पण तिच्यावांचून, झालेली वाढ आपल्या श्रमाची कीं पावसाची, हें कधींच कळत नाहीं.

असो. आतां पुन्हां शाळेकडे येतों. माळावर दुसऱ्यांदा रोपें लावण्याचा बेत आम्हीं सोडून दिला. तो माळ जसा आहे तसाच ठेविला असून तीन पावसाळे त्यावर गुरें सोडलेलीं नाहींत. गवत कमरेएवढें आलें आहे. त्यांतील कोणतें पवन्या, कोणतें मारवेल, कोणतें कुसळी, एवढें आम्हीं मोठ्या मुश्किलीनें ओळखलें. उरलेल्या पांच-सहा जातींचीं नांवें आम्हांस येत नाहींत. तीं विचारावयास मी गेल्या उन्हाळ्यांत धनगरवाड्यावर गेलों होतों. ते बाबा त्याच्या आदल्या वर्षीं वारल्याचें तेथें कळलें. त्यांच्या मुलास मेंढ्या ठाऊक आहेत, पण गवतांचीं नांवें, तो म्हणाला, “बापालाच ठावं हुती.”

रोपें आम्हीं खालीं ओढ्याच्या कांठीं लाविलीं, बाबांनीं सांगितलें होतें तेथेंच. करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन, पांगारा. बिया त्याच ओढ्याच्या वरच्या अंगास उभ्या असलेल्या जुन्या झाडांखालून मुलांनीं वेंचल्या आणि शाळेच्या नळाजवळ पिशव्यांत रुजविल्या. पांगाऱ्याच्या बिया पहिल्या खेपेस उगवल्याच नाहींत. दुसऱ्या खेपेस दगडावर घांसून पेरल्या, तेव्हां उगवल्या. डब्यांच्या पत्र्याचे तुकडे कापून, खिळ्यानें त्यांवर आंकडे ठोकून, प्रत्येक रोपास क्रमांक बांधला आहे. ओढ्याच्या पलीकडचा तेवढाच तुकडा कांहींही न लावितां ठेविला आहे. तेथें कोणीं हौसेनें रोप लावूं नये, ही पालकांस व माजी विद्यार्थ्यांस विनंति.

मोजणीची वही विज्ञानाच्या खोलींतील कपाटांत, डाव्या हाताच्या खणांत आहे. तिच्या पहिल्या पानावर माळावरील दोनशें रोपांचीही नोंद केली आहे: लाविलीं २००, जिवंत ०. दुसऱ्या पानापासून ओढ्याची नोंद सुरू होते. पहिल्या वर्षीं लाविलीं ६४, जिवंत ४१; दुसऱ्या वर्षीं जिवंत ३७, त्यांतील क्रमांक १८ व २३ या रोपांचे शेंडे बकऱ्यांनीं खाल्लेले. यंदाची मोजणी पाऊस ओसरल्यावर आठवीच्या वर्गानें करावयाची आहे.